रक्तातील लोह आणि चुंबक

रक्तात लोह आहे, लोहास चुंबक ओढतो. तस्मात् चुंबकाने रक्तही ओढले जात असले पाहिजे, असे अनुमान कोणीही काढील. सांधेदुखीवर चुंबकीय कडी विकणाऱ्यांची भिस्त बहुधा याच अनुमानावर असते. परंतु ‘लोह’ हा शब्द येथे दोन निरनिराळ्या अवस्थांना लाविला आहे, हे सहसा ध्यानात येत नाही.

खिळ्यातील लोहाचे असंख्य अणू परस्परांस लागून असतात व एकमेकांच्या प्रभावाने त्यांची चुंबकीय दिशा जुळते. रक्तातील लोहाची गोष्ट वेगळी. प्रौढ मनुष्याच्या शरीरात अवघे ३ ते ४ ग्रॅम लोह असते. त्याचा सुमारे दोनतृतीयांश भाग हीमोग्लोबिनमध्ये, दर रेणूस चार अणू याप्रमाणे, सुटा विखुरलेला असतो. अशा एकाकी अणूचे चुंबकत्व त्याच्या इलेक्ट्रॉनांच्या जुळणीवर ठरते.

मायकेल फॅरडे याने १८४५ मध्ये वाळलेले रक्त तपासले. ते चुंबकाकडे ओढले जात नाही असे त्यास आढळले. ताजे रक्त तपासावयाचे त्याने टिपून ठेविले होते, पण ते राहूनच गेले. पुढे १९३६ मध्ये लायनस पॉलिंग व चार्ल्स कोरिएल यांनी ते काम केले. प्राणवायूने युक्त असलेल्या हीमोग्लोबिनमध्ये अयुग्मित इलेक्ट्रॉन उरत नाहीत, म्हणून ते प्रतिचुंबकी, म्हणजे चुंबकापासून किंचित दूर सरणारे असते. प्राणवायू सुटला की दर लोह-अणूमागे चार इलेक्ट्रॉन अयुग्मित होतात व तेच द्रव्य समचुंबकी बनते.

मग नीलांतील रक्त तरी ओढले जावे! तसेही होत नाही. रक्तात मुख्य भाग पाण्याचा, आणि पाणी प्रतिचुंबकी. त्यापुढे लोहाचे बळ तोकडे पडते. तांबे व जस्त तर याहूनही अल्प, आणि जस्ताच्या आयनात अयुग्मित इलेक्ट्रॉनच नसतो. चुंबकीय प्रतिमायंत्रात १.५ किंवा ३ टेस्लाच्या क्षेत्रात रोग्यास निजवितात, तरी त्याचे रक्त एका बाजूस गोळा होत नाही; मग कड्याची कथा काय?

तथापि हा सूक्ष्म भेद वाया जात नाही. प्राणवायू गमावलेले रक्त आपल्या सभोवारचे क्षेत्र किंचित विस्कळीत करते व यंत्रातील संकेत तेथे मंदावतो. सेइजी ओगावा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये उंदरांच्या मेंदूत हे दाखवून दिले. मेंदूचा जो भाग कार्यरत होतो, तेथे खर्चाहून अधिक प्राणवायू येतो. साहजिकच संकेत वाढतो. मेंदूतील गाठ काढण्यापूर्वी रोग्याचे वाणीकेंद्र कोठे आहे, हे शल्यविशारद आज याच मार्गाने पाहून घेऊ शकतात.