उणे पाच किलो कांदा

पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात शेतकऱ्याचा माल अडत्याच्या गाळ्यावर उतरला की त्याचं वजन ना शेतकरी करतो, ना अडत्या, ना घेणारा व्यापारी. त्यासाठी परवानाधारक तोलणार असतो. वजन तो सांगणार, ते पट्टीवर चढणार, त्यावर हिशेब होणार. इलेक्ट्रॉनिक काटे आल्यावर तोलाई द्यायचीच कशाला, यावरून बरीच वादावादी झाली. तरी सौद्यात ज्याचा नफा-तोटा आहे त्याच्या हाती काटा द्यायचा नाही, हा त्यामागचा विचार पक्का आहे. मोठ्या ऑनलाइन दुकानातला ॲप्लिकेशन सिक्युरिटी इंजिनिअर दिवसभर तेच तपासत असतो: आपला काटा चुकून गिऱ्हाइकाच्या हातात तर गेला नाही ना?

जातो, आणि फार सहज जातो. ॲपवर पाच किलो कांदा निवडून बटण दाबलं की फोनमधून दुकानाच्या सर्व्हरकडे एक छोटा मजकूर निघतो: वस्तू अमुक, नग ५, पत्ता अमुक. हा मजकूर आपल्या ॲपनेच पाठवलाय, असं प्रोग्राम लिहिणारा धरून चालतो. पण 'बर्प सूट'सारखं साधन मध्ये बसवलं की मजकूर वाटेत अडवता येतो, त्यात खाडाखोड करता येते आणि मग तो पुढे सोडता येतो. इंजिनिअर तिथे ५ खोडून उणे ५ लिहितो आणि काय होतं ते बघतो. ॲपच्या पडद्यावर उणे आकडा टाकायची सोयच नसते, म्हणून सर्व्हरवर तो तपासायचं कुणाच्या डोक्यातच आलेलं नसतं. अशा वेळी पाच किलो कांद्याचे पैसे बिलात वाढण्याऐवजी वजा होतात आणि टोपलीतले बदाम तेवढ्याने स्वस्त पडतात.

सुरुवातीच्या काळात तर भावसुद्धा गिऱ्हाइकाकडूनच येत असे. पानावर न दिसणाऱ्या एका रकान्यात किंमत लिहिलेली असायची आणि ऑर्डरबरोबर तीच परत यायची. पान आपल्या संगणकावर उतरवून घ्यायचं, आकडा बदलायचा, पाठवून द्यायचं. इंटरनेट सिक्युरिटी सिस्टिम्स या अमेरिकी कंपनीने २००० साली अशा ११ तयार 'शॉपिंग कार्ट' प्रणालींमधली ही खोट जाहीर केली होती. आज ती इतकी उघडी क्वचित सापडते. तिची भावंडं मात्र जोरात आहेत. बिलाच्या दुव्यातला ऑर्डर क्रमांक एकाने वाढवला की शेजाऱ्याचं बिल, नाव-पत्त्यासकट समोर. 'ओवॅस्प' ही संस्था वेब ॲप्लिकेशनांच्या दहा मोठ्या धोक्यांची यादी काढते. कुणाला काय बघायची परवानगी आहे हे नीट न तपासण्याचा दोष २०१७च्या यादीत पाचवा होता, २०२१मध्ये पहिला आला.

काही खोटी वेळेच्या असतात. २०१५ साली येगोर होमाकोव या सुरक्षा-संशोधकाने स्टारबक्सची पाच-पाच डॉलरची गिफ्ट कार्डं घेतली आणि एका कार्डावरचे पैसे दुसऱ्यावर वळवायची विनंती एकाच क्षणी दोनदा पाठवली. सर्व्हरने दोन्ही वेळा शिल्लक पाहिली, दोन्ही वेळा पाच डॉलर दिसले, दोन्ही वेळा वळवले. पहिली वजाबाकी नोंदवली जाण्याआधीच दुसरी तपासणी उरकली होती. त्याने त्या पैशांत खरोखर खरेदी करून पाहिली, जास्तीचे पैसे कार्डावर परत भरले आणि कंपनीला कळवलं. शाबासकी राहिली बाजूला, कंपनीकडून 'फसवणूक' हा शब्द ऐकायला मिळाला, असं त्याने लिहिलं आहे. 'एकाला एकदाच' असं म्हणणारं प्रत्येक कुपन आणि वॉलेट या प्रकाराने तपासावं लागतं.

तपासणाराच बदलला तर काय होतं, हे पुण्याने पाहिलं आहे. प्रकरण दुकानाचं नव्हे, बँकेचं. ११ ऑगस्ट २०१८च्या शनिवारी कॉसमॉस बँकेच्या नावे २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. खात्यात पैसे आहेत का, हा एटीएमचा प्रश्न बँकेच्या खऱ्या यंत्रणेपर्यंत पोचतच नव्हता. मध्ये उभा केलेला बनावट स्विच परस्पर 'द्या' म्हणत होता. सोमवारी बँकांच्या 'स्विफ्ट' संदेशयंत्रणेमार्गे आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगला गेले. देशातले व्यवहार धरून आकडा ९४ कोटींवर पोचला.

काट्याखेरीज गिऱ्हाइकांची माहितीही राखावी लागते. घरपोच भाजी-किराणा देणाऱ्यांमध्ये याचं सगळ्यांत जवळचं उदाहरण बिगबास्केटचं. २०२०च्या नोव्हेंबरमध्ये तिच्या सुमारे दोन कोटी ग्राहकांची माहिती विकायला निघाल्याचं 'सायबल' या कंपनीने उघड केलं आणि एप्रिल २०२१मध्ये ती फुकटात पसरली. नावं, ईमेल, फोन, पत्ते, जन्मतारखा. पासवर्ड उघडे नव्हते, पण ते झाकायला एसएचए-१ ही १९९५ची पद्धत वापरली होती. ती भराभर हिशेब करते, आणि पासवर्डच्या बाबतीत हाच तिचा दोष. चोरालाही सेकंदाला कोट्यवधी शब्द पडताळून पाहता येतात. म्हणून आता मुद्दाम सावकाश चालणाऱ्या 'बीक्रिप्ट'सारख्या पद्धती वापरतात. कार्डांचे क्रमांक दुकानाने साठवायचेच नाहीत, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑक्टोबर २०२२पासून लागू आहे, हे एक बरं झालं.

हा इंजिनिअर कंपनीत फारसा लाडका नसतो. सेल दोन दिवसांवर आलेला असताना 'हे असं बाहेर जाऊ देणार नाही' म्हणणारा कुणाला आवडेल? चांगला इंजिनिअर म्हणूनच शेवटच्या दिवशी अडवायला येत नाही. नवी सोय कागदावर असतानाच तो जाऊन बसतो आणि विचारतो, परतावा दोनदा मागितला तर काय होईल, दुसऱ्याच्या पत्त्यावर मागितला तर? शिवाय कंपनीने स्वतः लिहिलेला प्रोग्राम थोडा आणि बाहेरून आणून जोडलेला फार, त्यामुळे उसनवारीवरही नजर ठेवावी लागते.

त्या उसनवारीतली सर्वांत गाजलेली खोट एका ऑनलाइन बाजाराच्या घरातच सापडली. अलीबाबा क्लाउडच्या सुरक्षा गटातल्या चेन झाओजुन यांनी २४ नोव्हेंबर २०२१ला अपाची फाउंडेशनला कळवलं की त्यांच्या लॉगफोरजे या, नोंदी लिहून ठेवण्याच्या फुकट प्रोग्राममध्ये गंभीर दोष आहे. विशिष्ट मजकुराची एक ओळ नोंदीत आली की सर्व्हर बाहेरून परका प्रोग्राम आणून चालवत असे. दुकानाच्या शोधपट्टीत ती ओळ टाइप केली तरी पुरे. दोषाचं मूळ २०१३पासून तिथे होतं आणि त्याला गांभीर्याचे दहापैकी दहा गुण मिळाले. डिसेंबरमध्ये बातमी फुटली तेव्हा पाश्चात्त्य दुकानांची नाताळची गर्दी चालू होती आणि आपापल्या यंत्रणांत लॉगफोरजे नेमकं कुठे कुठे आहे, याची जगभर शोधाशोध सुरू झाली. त्याच महिन्यात चीनच्या उद्योग आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने अलीबाबा क्लाउडबरोबरची सायबर सुरक्षेची भागीदारी सहा महिन्यांसाठी स्थगित केली. तक्रार एवढीच की दोष मंत्रालयाला वेळेत कळवला नाही.