उमेदवार मागे घेतला, मग त्याची मतं कुठे जातात?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचे इअरफोन नेमके लोकलमध्ये चढल्यावर डिस्चार्ज होतात, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लेखी अवतार. बोलताना मध्येमध्ये येणारं 'अं…' आणि 'म्हणजे कसं ना' काढून टाकलंय. बाकी गप्पा त्याच.

निवडणूक जवळ आली की एक बातमी हमखास येते. छोट्या पक्षाने इतक्या जागांवरून माघार घेतली, फायदा मोठ्या पक्षाला. लगेच व्हॉट्सअॅपवर निकाल लागतो: "सेटिंग झालं! याची मतं आता तिकडे जाणार. संपला विषय."

मला आज याच 'संपला विषय'बद्दल बोलायचंय. मतं खरंच अशी उचलून दुसऱ्याच्या खात्यात टाकता येतात का? UPI केल्यासारखी?

उदाहरण घेणार आहोत ब्रिटनमधल्या डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीचं. एक तर त्यातले आकडे स्पष्ट आहेत आणि पुढे काय झालं तेही आपल्याला माहीत आहे. दुसरं म्हणजे तिथली पद्धत आपल्यासारखीच आहे, किंवा खरं सांगायचं तर आपली त्यांच्यासारखी आहे. एक मतदारसंघ, ज्याला सगळ्यात जास्त मतं तो निवडून आला. निम्म्याहून जास्त मतं मिळायला हवीत अशी अट नाही. म्हणूनच 'दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ' ही म्हण दोन्हीकडे चालते.

झालं काय होतं?

२०१६ च्या सार्वमतात ब्रिटनने ५२ विरुद्ध ४८ टक्क्यांनी युरोपीय संघातून बाहेर पडायचं ठरवलं, म्हणजे ब्रेग्झिट. पण तीन वर्षं उलटली तरी बाहेर पडणं काही होईना. मग नायजेल फराज यांनी नवा पक्ष काढला, ब्रेग्झिट पार्टी. मे २०१९ मध्ये युरोपीय संसदेची निवडणूक झाली आणि या जेमतेम काही महिन्यांच्या पक्षाने सुमारे ३० टक्के मतं आणि २९ जागा घेत पहिला नंबर मारला. सत्तेतला हुजूर पक्ष पाचव्या नंबरवर गेला, ९ टक्क्यांच्याही खाली.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. युरोपीय संसदेची ती निवडणूक प्रमाणशीर पद्धतीची होती, जेवढी मतं साधारण त्या प्रमाणात जागा. ब्रिटनच्या स्वतःच्या संसदेसाठी तसं नसतं. तिथे दुसऱ्या नंबरला काहीच मिळत नाही.

डिसेंबरची निवडणूक जाहीर झाली तेव्हा पंतप्रधान बोरिस जॉन्सन आणि फराज या दोघांना हवा होता तो मतदार एकच होता, ब्रेग्झिट हवं असणारा. १ नोव्हेंबरला फराज म्हणाले, जॉन्सन यांनी युरोपशी केलेला करार सोडावा आणि आमच्याशी समझोता करावा, नाहीतर आम्ही देशभर उमेदवार देऊ. जॉन्सन यांनी करार सोडला नाही. तरी ११ नोव्हेंबरला, हार्टलपूल या गावातल्या सभेत, फराज यांनी जाहीर केलं की हुजूर पक्षाने २०१७ मध्ये जिंकलेल्या ३१७ जागांवर आम्ही उमेदवार देणार नाही. कारण दिलं की बाहेर पडण्याचा संक्रमणकाळ २०२० च्या पुढे नेणार नाही, असा शब्द जॉन्सन यांनी आता दिलाय. शिवाय आपण त्यांची मतं खाल्ली तर दुसरं सार्वमत मागणारे निवडून येतील, ही भीती होतीच.

अर्ज भरायची शेवटची वेळ होती १४ नोव्हेंबर, दुपारी ४. तोपर्यंत हुजूर पक्षाकडून दबाव येत राहिला की मजूर पक्षाच्या जागांवरूनही बाजूला व्हा. फराज यांनी नकार दिला. शेवटी ब्रेग्झिट पार्टीचे २७५ उमेदवार मैदानात राहिले.

निकाल १२ डिसेंबरच्या रात्री. हुजूर पक्ष ३१७ वरून ३६५ वर, ८० चं बहुमत. ब्रेग्झिट पार्टीला ६ लाख ४४ हजार मतं, साधारण २ टक्के, आणि जागा शून्य. मी भागाकार करून बघितला: प्रत्येक उमेदवाराला सरासरी २,३४० मतं.

मग माघार कामाला आली म्हणायची ना?

थांबा. सोडल्या त्या ३१७ जागा हुजूर पक्षाकडे आधीपासून होत्या. वाढल्या त्या ४८. आणि हुजूर पक्षाने नव्या मिळवल्या त्या बहुतेक जागा मजूर पक्षाच्या होत्या, म्हणजे जिथे फराज यांनी माघार घ्यायला नकार दिला होता तिथल्या. टोनी ब्लेअर यांचा जुना मतदारसंघ सेजफील्डसुद्धा त्यात होता. देशभरात हुजूर पक्षाची मतं वाढली जेमतेम सव्वा टक्का. मजूर पक्षाची घटली जवळपास ८ टक्के. म्हणजे 'माघार घेतली म्हणून जिंकले' ही एक ओळीची गोष्ट आकड्यांत बसत नाही.

आता एक मतदारसंघ जवळून बघू. तोच, हार्टलपूल. तिथे ब्रेग्झिट पार्टी लढली. मतं अशी पडली:

मजूर पक्ष – १५,४६४
हुजूर पक्ष – ११,८६९
ब्रेग्झिट पार्टी – १०,६०३

व्हॉट्सअॅपवाला हिशोब म्हणेल, दुसरा अधिक तिसरा म्हणजे २२ हजारांच्या वर, मजूर पक्ष आडवा! पण हार्टलपूल ही पिढ्यान्‌पिढ्या मजूर पक्षाची जागा. ब्रेग्झिट पार्टीला मत देणाऱ्यांत हुजूर पक्षाला आयुष्यात कधी मत न दिलेले लोकही होते. त्यांचा उमेदवार गायब केला तर ते सगळे हुजूर पक्षाकडे जातील, असं गृहीत कसं धरायचं?

म्हणून मी उलटं गणित मांडलं. समजा तिथे ब्रेग्झिट पार्टी नाहीच आणि तिचे सगळे मतदार मतदानाला आले. १०० पैकी ६० हुजूर पक्षाकडे आणि ४० मजूर पक्षाकडे गेले, तर? हुजूर पक्षाला निव्वळ सुमारे २,१२० मतांचा फायदा. पण मागे होते ते ३,५९५ मतांनी. म्हणजे तरीही हरले! ७०–३० झालं तर सुमारे ४,२४० चा फायदा, म्हणजे जिंकले. काटा फिरतो तो बरोबर ६७ जवळ. दर १०० मतदारांमागे ६७ तुमच्याकडे यायला हवेत. आणि त्यातले काही वैतागून घरीच बसले, तर ६७ सुद्धा पुरत नाहीत.

मला या सगळ्यातलं मुख्य वाटतं ते हेच. माघारीने मत ट्रान्सफर होत नाही. माघारीने फक्त मतपत्रिकेवरचा एक पर्याय कमी होतो. पुढचं मतदार ठरवतो.

मतदार पक्षाच्या आधी ठरवतो

याची दुसरी बाजू पीटरबरोमध्ये दिसते. जून २०१९ मध्ये तिथे पोटनिवडणूक झाली. मजूर पक्ष जिंकला, पण ब्रेग्झिट पार्टीचा उमेदवार फक्त ६८३ मतांनी हरला. जवळपास २९ टक्के मतं! सहाच महिन्यांनी डिसेंबरमध्ये तोच उमेदवार पुन्हा उभा राहिला. ही मजूर पक्षाची जागा, त्यामुळे माघारीचा प्रश्नच नव्हता. मिळाली ४.४ टक्के. ब्रिटनमध्ये अनामत रक्कम ५०० पौंड असते आणि ती वाचवायला ५ टक्के मतं लागतात. म्हणजे डिपॉझिट जप्त. जागा हुजूर पक्षाने २,५८० मतांनी जिंकली.

इथे उमेदवार मागे घेतला नव्हता, मतदारच मागे सरकला. माझ्या मते ३१७ जागांच्या घोषणेचा खरा परिणाम हा होता. नेता एका ठिकाणी म्हणतो, 'त्यांना मत दिलंत तरी आपलं काम होईल.' ते वाक्य उरलेल्या मतदारसंघांतही ऐकू जातं. मग तिथला मतदार म्हणतो, असं असेल तर मी तरी माझं मत वाया का घालवू? निम्मं दुकान बंद केल्यावर उरलेल्या निम्म्यात गिऱ्हाईक येत नाही, तसंच.

बदल्यात काय मिळालं?

जागांच्या हिशोबात काहीच नाही. हुजूर पक्षाने त्यांच्यासाठी कुठली जागा सोडली नाही. उलट मतदानाच्या आठवडाभर आधी ब्रेग्झिट पार्टीचेच काही युरोपीय खासदार बाहेर पडून 'हुजूर पक्षाला मत द्या' म्हणू लागले. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन संघातून बाहेर पडलं आणि त्याबरोबर या पक्षाच्या २९ युरोपीय जागाही संपल्या. पण पक्ष काढला होता तोच मुळी ब्रेग्झिटसाठी, आणि ते झालं. मुद्दा जिंकला, पक्ष हरला. हा सौदा वाईट होता असं मी म्हणणार नाही. फक्त सौदा करताना आपण काय विकतोय हे माहीत हवं.

कारण छोट्या पक्षाची ताकद म्हणजे 'आम्ही तुम्हाला पाडू शकतो' ही धमकी. आणि या धमकीला एक्स्पायरी असते. ब्रिटनमध्ये १४ नोव्हेंबरला दुपारी ४ वाजता ती संपली. त्यानंतर समोरचा शब्द पाळेल की नाही, हे त्याच्यावर.

२०२४ मध्ये उलटा प्रयोग झाला. ब्रेग्झिट पार्टीचं नाव आता रिफॉर्म यूके होतं. या वेळी समझोता नाही म्हणत त्यांनी ६०९ उमेदवार दिले. १४.३ टक्के मतं, पण जागा ५. हुजूर पक्ष ३६५ वरून थेट १२१ वर. चौदा वर्षांच्या सत्तेबद्दलची नाराजी हे त्याचं मोठं कारण होतंच, सगळं खापर मतविभागणीवर फोडता येत नाही. पण मजूर पक्षाने ३४ टक्क्यांहून कमी मतांवर ४११ जागा घेतल्या, त्यात उजवीकडची मतं दोन पक्षांत विभागली गेल्याचा हात नक्की होता.

आपल्याकडे बघायचं तर

मे २०२४ च्या लोकसभेला मनसेने उमेदवार न देता महायुतीला बिनशर्त पाठिंबा दिला होता. 'बिनशर्त' हा शब्द लक्षात ठेवा. सहा महिन्यांनी विधानसभेला माहीममधून अमित ठाकरे उभे राहिले. आता महायुती ही जागा सोडेल का, याची चर्चा दोन आठवडे चालली. ४ नोव्हेंबरला दुपारी ३ वाजता माघारीची मुदत संपली. शिंदे गटाच्या शिवसेनेचे सदा सरवणकर यांनी अर्ज मागे घेतला नाही. निकालात ठाकरे गटाचे महेश सावंत १,३१६ मतांनी जिंकले, सरवणकर दुसरे, अमित ठाकरे तिसरे. कोण बरोबर, कोण चूक, हा आजचा विषय नाही. मुद्दा एवढाच की आधी केलेल्या मदतीची पावती पुढच्या निवडणुकीत वटेलच असं नाही.

आणि या सगळ्यात ज्याला कुणी विचारत नाही तो म्हणजे मतदार. त्या ३१७ मतदारसंघांत ब्रेग्झिट पार्टी आवडणारा माणूस मतदान केंद्रावर गेला तेव्हा यादीत तिचं नावच नव्हतं. आपल्याकडे निदान २०१३ पासून नोटा आहे, ब्रिटनमध्ये तेही नाही. तसं, तिथे राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं, कारण भारत राष्ट्रकुलात आहे. तुमची ताई किंवा दादा तिकडे मास्टर्स करत असेल तर नोंदणी करायला सांगा.

तर पुढच्या वेळी माघारीची बातमी आली की फॉरवर्ड करण्याआधी चार प्रश्न विचारा. सोडलेल्या जागा समोरच्याच्या आधीच हातात होत्या, की जिंकायच्या बाकी होत्या? सोडणाऱ्याचे मतदार मुळात कुठून आले होते? १०० पैकी किती जण वळले तर निकाल फिरतो? आणि बदल्यात मिळालेला शब्द माघारीच्या मुदतीआधी पाळला गेला, की नंतर पाळू म्हणाले?

मागच्या निवडणुकीतला तुमच्या मतदारसंघाचा निकाल निवडणूक आयोगाच्या साइटवर आहे. पहिल्या तिघांचे आकडे घ्या, हार्टलपूलचं गणित त्यावर लावा. दहा मिनिटांचं काम आहे, मोबाइलचा कॅल्क्युलेटर पुरतो. तुमच्याकडे काटा कितीवर फिरतो ते मला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!