मुके जनावर जाते तेव्हा

बेंदराला ज्याची शिंगे रंगवली, ज्याला पुरणपोळी भरवली, तो बैल गेला की डोळ्यांत पाणी येणारच. कुत्र्या-मांजराचेही तसेच. भूक मंदावते, झोप उडते, ‘वेळेवर दवाखान्यात नेले असते तर’ ही रुखरुख लागते. हा वेडेपणा नव्हे. रायगडावर शिवसमाधीजवळ वाघ्या कुत्र्याचे स्मारक आहे. त्याची कथा ही आख्यायिका; पण मुक्या जिवाची आठवण जपावी असे माणसाला वाटते, हे खरे. म्हणून ‘जनावरच तर होते’ असे म्हणू नये. रडू द्यावे, बोलू द्यावे.

मुलांना ‘तो गावाला गेला’ असे सांगू नये. ती वाट पाहत राहतात. गेला, आता परत येणार नाही, असे सोप्या शब्दांत सांगावे.

एकट्या वृद्धांकडे विशेष लक्ष द्यावे. कुत्र्यामुळे रोजचे फिरणे व्हायचे, जेवणाची वेळ पाळली जायची. तो गेल्यावर फिरणे थांबते, रक्तदाबाची गोळी चुकते. छातीत दुखल्यास ते दुःखामुळे आहे असे समजून अंगावर काढू नये.

दोन आठवड्यांनंतरही झोप-जेवण सुधारले नाही तर डॉक्टरांना भेटावे. जगणेच नकोसे वाटू लागले तर त्याच दिवशी.