आढे, पाखे आणि पन्हळ : संगणकावरील छपराची रचना

घराचा आराखडा संगणकावर मांडताना भिंती, दारे आणि खिडक्या यांपर्यंतचे काम नवख्या माणसालाही थोड्या सरावाने साधते. घोडे अडते ते छपरापाशी. भिंत ही दोन बिंदूंमधली रेषा असून तिला उंची दिली की ती उभी राहते, परंतु उतरत्या छपराचे एखादे पाखे, म्हणजे उताराची एक सलग बाजू, कोठे संपेल हे शेजारच्या पाख्यांच्या उतारावर आणि उंचीवर अवलंबून असते. त्यामुळे छप्पर काढायचे नसून ते भिंतींवरून निष्पन्न होऊ द्यायचे असते, ही गोष्ट ध्यानात आल्याशिवाय अशा सॉफ्टवेअरशी जमवून घेणे कठीण जाते.

या सॉफ्टवेअरचे स्थूलमानाने दोन प्रकार आहेत. 2000 साली अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात तयार झालेले, 2006 मध्ये गूगलने आणि 2012 मध्ये ट्रिंबलने विकत घेतलेले ‘स्केचअप’ केवळ कडा आणि पृष्ठे ओळखते. आढ्याची रेषा वर उचलली की दोन्ही बाजूंची पृष्ठे तिच्यामागे चढतात, पण आपण छप्पर करत आहोत याची त्या प्रणालीला जाणीव नसते. याउलट ‘चीफ आर्किटेक्ट’, त्याची घरगुती वापरासाठीची ‘होम डिझायनर’ ही आवृत्ती आणि व्यावसायिकांचे ‘रेव्हिट’ यांत छप्पर हा स्वतंत्र घटक असतो. ‘रेव्हिट’मध्ये छपराची बाह्यरेषा आखून तिच्या कोणत्या बाजूंना उतार द्यायचा हे सांगावे लागते, तर ‘चीफ आर्किटेक्ट’मध्ये ही माहिती भिंतीकडेच नोंदवली जाते: एखादी भिंत आढ्यापर्यंत त्रिकोणी चढवायची असे ठरवले की तिच्यावरचे पाखे नाहीसे होते, आणि समोरासमोरच्या दोन भिंतींबाबत तसे केल्यास चौपाखी छपराचे दुपाखी छप्पर होते.

सर्व बाजूंना सारखा उतार असलेल्या छपरामागचे गणित मोठे देखणे आहे. बाहेरच्या प्रत्येक भिंतीची रेषा एकाच गतीने आत सरकत आहे अशी कल्पना केली, तर सरकत्या कोपऱ्यांनी मागे टाकलेल्या खुणा म्हणजेच कोनवासे (दोन पाखी बाहेरच्या कोपऱ्यावर मिळतात त्या कडा), पन्हळी (ती आतल्या कोपऱ्यावर मिळतात त्या रेषा) आणि आढे यांच्या जागा होत. आइखहोल्त्सर, आउरेनहामर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्ये बहुभुजाकृतीच्या या सांगाड्याचा अभ्यास मांडला. त्याचा एक गुण असा की त्यापासून उभारलेल्या छपरावर पडलेले पाणी कोठेही न साचता कडेपर्यंत वाहून जाते. मात्र घराचा एखादा भाग दुमजली केला की ही हमी उरत नाही, आणि प्रत्यक्षातली पुष्कळ घरे नेमकी तशीच असतात.

काटकोनात वळलेल्या घराचे उदाहरण घेतल्यास संपादनाची खरी अडचण दिसते. मुख्य घराची रुंदी 8 मीटर, वळलेल्या भागाची 5 मीटर आणि उतार सर्वत्र 30 अंश धरला, तर मुख्य आढे भिंतीच्या माथ्यापासून सुमारे 2.3 मीटर आणि धाकटे आढे सुमारे 1.4 मीटर वर येते. म्हणजे धाकटे आढे मोठ्या पाख्यात मध्येच जाऊन भिडते. दोन्ही आढी एका पातळीत हवीत असा आग्रह धरला, तर धाकट्या भागाचा उतार जवळजवळ 43 अंश करावा लागतो आणि दोन पाखी आत मिळतात ती पन्हळीची रेषा आराखड्यात 45 अंशांची न राहता एका बाजूला कलते. समान उतार ठेवला तरी पन्हळीचा स्वतःचा उतार पाख्यांच्या 30 अंशांऐवजी फक्त 22 अंशांच्या आसपास भरतो. दोन पाख्यांचे पाणी जिथे एकत्र येते तीच रेषा पाख्यांहून मंद उताराची ठरते, म्हणून जुन्या कौलारू घरांतही गळतीची पहिली शंका पन्हळीवर घेतली जाते.

पाखे संपादित करताना तीन राशी परस्परांना बांधलेल्या असतात: उतार, भिंतीच्या माथ्याजवळची आधाररेषा आणि आढ्याची उंची. रुंदी कायम असता यांतील दोन ठरल्या की तिसरी आपोआप ठरते, म्हणूनच ‘चीफ आर्किटेक्ट’मध्ये त्यांतली कोणती राशी अचल ठेवायची हे वापरणाऱ्याला सांगावे लागते. कोकणी पद्धतीच्या पडवीत याचा प्रत्यय येतो. भिंतीचा माथा 2.7 मीटरवर असताना तेथून अडीच मीटर रुंदीची पडवी 20 अंशांनी उतरवली, तर तिची बाहेरची कड 1.8 मीटरवर येते आणि त्यापुढे अर्धा मीटर वळचण काढल्यास 1.6 मीटरवर, म्हणजे आत शिरणाऱ्याला वाकावेच लागते. पडवीची जमीन ओटीपेक्षा खाली ठेवण्याची रीत या हिशेबाशी चांगली जुळते. एकाच पाख्याला वरचा आणि खालचा असे दोन उतार देण्याची सोय असल्याने ही रचना संगणकावर सहज उतरते.

मंगळूरी कौलांचा अंदाज काढतानाही उतार विसरून चालत नाही, कारण आराखड्यात 100 चौरस मीटर दिसणारे छप्पर 30 अंशांच्या उताराने प्रत्यक्षात सुमारे 115 चौरस मीटर भरते आणि 45 अंशांनी 141. पहिल्या प्रसंगीदेखील दोनशेहून अधिक कौले जास्त लागतात.

या प्रणालींची गृहीतके बहुतांशी अमेरिकी आहेत. तेथे उतार अंशांऐवजी 12 इंचांच्या आडव्या अंतरामागे किती इंच चढ अशा रीतीने सांगतात, त्यामुळे ‘12 मध्ये 6’ म्हणजे सुमारे 26.6 अंश हे कोष्टक जवळ असावे लागते. शिवाय आपोआप मिळणाऱ्या छपरात फळ्यांचा सलग थर असतो, तर कौलारू छपरात वासे, त्यांवर रिपा आणि त्यांवर कौले एवढेच असते. हे थर कामाच्या आरंभीच बदललेले बरे, आणि हाताने केलेले फेरफारही शेवटी ठेवलेले बरे, कारण आपोआप पुनर्रचनेची सोय चालू राहिल्यास एखादी भिंत हलवताच छप्पर नव्याने बांधले जाऊन ते पुसले जाऊ शकतात. असा फेरफार बहुधा दुमजली भागापाशीच करावा लागतो. तळमजल्याचे एखादे पाखे वरच्या मजल्याच्या भिंतीकडे उतरत असेल, तर प्रणाली ते विनातक्रार काढून दाखवते. त्या भिंतीच्या पायथ्याशी पाणी तुंबू नये म्हणून तिला टेकून लहानसा दुपाखी उंचवटा बसवण्याचे काम मात्र आराखडा करणाऱ्याकडेच राहते.