हांक ऐकूं येण्यासाठीं

जुन्या करारांतील बाल शमुवेलाची गोष्ट आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. शिलो येथील मंदिरांत वृद्ध याजक एली ह्याच्या हाताखालीं हा मुलगा राहत असे. एके रात्रीं कोणीतरी त्याला नांव घेऊन हांक मारिली. गुरुजींनींच बोलाविलें असें समजून तो धांवत एलीकडे गेला. आपण हांक मारिली नाहीं, जाऊन नीज, असें एलीनें त्यास सांगितलें. दुसऱ्यांदा तसेंच झालें. तिसऱ्यांदा मुलगा पुन्हां येऊन उभा राहिला, तेव्हां कोठें त्या वृद्धाच्या ध्यानांत आलें कीं, ह्याला बोलावणारा परमेश्वर आहे. आणि पुढच्या वेळीं काय उत्तर द्यावयाचें तें त्यानें मुलास शिकविलें.

ह्या गोष्टींतील मुलाचें कौतुक सर्वच करितात. आम्हां शिक्षकांचें लक्ष मात्र एलीकडे जातें. हांक खरी होती, मुलगा आज्ञाधारक होता. तरी वडील माणसानें ती दोनदां ओळखली नाहीं, म्हणून उत्तर मिळण्यास विलंब झाला. ईश्वराचें पाचारण म्हणजे काय, तें ऐकूं येण्यास प्रार्थना व ख्रिस्तप्रसाद ह्यांचें साह्य कसें होतें, आणि त्यांत आईबापांचा वांटा कोणता, हें होईल तितक्या सोप्या रीतीनें सांगावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे. शाळेंत अन्य धर्मांचीं मुलेंही पुष्कळ आहेत. आपल्या शेजारच्या बांकावरील मित्र रविवारीं सकाळीं कोठें व कशासाठीं जातो, हें त्यांसही ह्यांतून कळेल अशी आशा आहे.

पाचारण हा शब्द ऐकतांच धर्मगुरूंचा झगा किंवा धर्मभगिनींचें शिरोवस्त्र डोळ्यांसमोर येतें. ही समजूत चुकीची नव्हे, परंतु अपुरी आहे. पहिलें पाचारण सर्वांस सारखेंच आहे. तें असें कीं, देवावर व शेजाऱ्यावर प्रीति करून प्रत्येकानें पवित्र व्हावें. शेतकरी असो, परिचारिका असो, कारकून असो कीं चूल सांभाळणारी माता असो, ह्यांतून कोणीही सुटला नाहीं. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनें ख्रिस्तसभेविषयीं १९६४ सालीं जो मुख्य लेख प्रसिद्ध केला, त्याचें एक संपूर्ण प्रकरण ह्याच गोष्टीस वाहिलेलें आहे. मग ह्या सर्वसाधारण पाचारणाच्या पोटांत कोणास संसाराचें, कोणास धर्मगुरुपदाचें, कोणास संन्यस्त जीवनाचें, असें ज्याचें त्याचें विशेष पाचारण येतें.

तें ओळखावें कसें ? आकाशवाणी होईल म्हणून वाट पाहणारा बहुधा वाटच पाहत राहतो. आमचा अनुभव व संतांचीं चरित्रें ह्यांवरून आम्हांस असें दिसतें कीं, देवाची हांक पुष्कळ वेळां दुसऱ्या कोणाच्या तरी गरजेच्या रूपानें येते. गरज सर्वांच्याच कानांवर पडते. पण तींत आपलें नांव एखाद्यालाच ऐकूं येतें. तें ऐकूं यावें म्हणून अंतःकरण शांत व जागें असावें लागतें, आणि तें तसें राखण्याचें साधन म्हणजे प्रार्थना होय.

येथें आमचें एक चुकतें. आपण प्रार्थनेला अर्जाचें रूप दिलें आहे. आपल्या मागण्या वाचून दाखवावयाच्या, आमेन म्हणावयाचें, आणि चालतें व्हावयाचें ! उत्तर ऐकण्यास कोणी थांबत नाहीं. खरी प्रार्थना बोलण्याइतकीच ऐकण्याची आहे. जपमाळेचे मणी ओढतांना ओठ हालतात, परंतु मन प्रभु येशूच्या एकेका जीवनप्रसंगापाशीं थबकावें, म्हणूनच ती माळ आहे. रात्रीं निजण्यापूर्वीं दिवसाचा हिशेब देवासमोर मांडणें ही देखील प्रार्थनाच होय.

प्रार्थनेचा कळस ख्रिस्तप्रसादांत आहे. दुःखसहनाच्या आदल्या रात्रीं प्रभु येशूनें शिष्यांबरोबर भोजन करितांना भाकर व द्राक्षारस घेऊन उपकारस्तुति केली, तीं आपलें शरीर व रक्त म्हणून त्यांस दिलीं, आणि आपल्या स्मरणार्थ असेंच करीत जाण्याची आज्ञा केली. मिस्साविधींत तेंच होतें. धर्मगुरूंच्या मुखानें ख्रिस्ताचे ते शब्द उच्चारिले गेल्यावर भाकरीचें व द्राक्षारसाचें रूप तसेंच राहतें, पण तेथें ख्रिस्त स्वतः उपस्थित असतो, अशी कॅथोलिक श्रद्धा आहे. मिस्सा आटोपल्यावर उरलेला प्रसाद वेदीजवळच्या पवित्र मंजूषेंत ठेवितात, तिच्यापाशीं नंदादीप तेवत असतो, आणि येणारेजाणारे भाविक तेथें गुडघे टेकून आराधना करितात. ह्या संस्कारास ग्रीक भाषेंत जें नांव आहे त्याचा अर्थ 'उपकारस्तुति'. आणि आपल्या रोजच्या बोलण्यांतला 'मिस्सा' हा शब्द लॅटिन आहे. विधीच्या अंतीं लोकांस निरोप देतांना जो शब्द उच्चारीत, त्यावरून तो पडला. निरोप म्हणजे पाठवणी ! जो जेवावयास बोलावतो, तोच जेवूं घालून कामावर पाठवितो, हें ह्या एका नांवांत सांठविलेलें आहे.

हें सर्व एका मनुष्याच्या आयुष्यांत कसें उतरलें, तें आतां पाहूं. संत जुझे वाझ ह्यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजीं गोव्यांतील बाणावली येथें झाला. घराणें सांकवाळचें. १६७६ सालीं त्यांस धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. त्या सुमारास सिंहलद्वीपांतून, म्हणजे आजच्या श्रीलंकेंतून, दुःखाची वार्ता येत होती. डच लोकांनीं १६५६ सालीं कोलंबो व १६५८ सालीं जाफना पोर्तुगीजांपासून घेतलें होतें, आणि कॅथोलिक धर्मगुरूंस तेथें बंदी केली होती. धर्मगुरूंवांचून मिस्सा होऊं शकत नाहीं. लोक घरोघरीं लपून जपमाळ म्हणत, मुलांस प्रार्थना शिकवीत. पण ख्रिस्तप्रसाद त्यांस मिळेनासा झाला. मिस्सा म्हणजे काय हें ज्यांनीं उभ्या आयुष्यांत पाहिलें नाहीं, अशी एक पिढीच तेथें वाढली.

ही वार्ता गोव्यांत अनेकांनीं ऐकिली असेल. फादर वाझ ह्यांना तींत आपलें नांव ऐकूं आलें. त्यांनीं तिकडे जाण्याची परवानगी मागितली. परंतु वरिष्ठांनीं त्यांस १६८१ सालीं कानडा प्रांतीं पाठविलें. आपणांस देवाची हांक आली आहे असें सांगून त्यांनीं हट्ट धरिला नाहीं. तीन वर्षें ते कानड्यांत राबले. परत आल्यावर १६८५ सालीं जुन्या गोव्यांत प्रार्थनेस वाहिलेल्या धर्मगुरूंच्या एका लहान मंडळींत ते सामील झाले, आणि तिचें प्रमुखपण त्यांजकडे आलें. प्रार्थनेनें ती जुनी हांक विझली नाहीं, उलट अधिक स्पष्ट झाली. पुढें १६८७ सालीं, गरीब मजुराच्या वेषांत, ते जाफन्याच्या किनाऱ्यास उतरले.

समुद्रप्रवासानें व हगवणीनें ते मरणास टेंकले होते. उठवूं लागल्यावर गळ्यांत जपमाळ घालून भिक्षा मागत ते दारोदार फिरूं लागले. माळ पाहून ज्याच्या डोळ्यांत ओळख चमके, तो आपला, हें त्यांस कळे. मग रात्रीच्या अंधारांत, कोणाच्या तरी घरांत, दारें लावून मिस्सा होई. जवळजवळ तीस वर्षें जें मिळालें नव्हतें तें एका रात्रीं आपल्या ओटींत पडलेलें पाहून त्या म्हाताऱ्या माणसांना काय वाटलें असेल ! आमच्या मुलांनीं, रविवारीं अंथरुणांतून उठण्याचा कंटाळा येईल तेव्हां, त्या बंद दारांमागच्या मिस्साचें स्मरण करावें.

१६९२ सालीं ते कॅंडीच्या राज्यांत राजधानीस गेले, तेव्हां पोर्तुगीजांचे हेर म्हणून त्यांस कैद झाली. त्या कैदेंत ते सिंहली भाषा शिकले, आणि तेथेंच एक झोंपडी उभारून तिचें प्रार्थनामंदिर केलें. १६९७ सालीं कॅंडींत देवीची सांथ आली. आप्तांनीं टाकून दिलेल्या रोग्यांची त्यांनीं हातानें सेवा केली, आणि सेवा करितांना कोण कोणत्या धर्माचा हें पाहिलें नाहीं. वेदीवर ज्याची आराधना करावयाची, तोच रोग्याच्या चटईवर पडलेला आहे, हें ते जाणत होते. तेथेंच १६ जानेवारी १७११ रोजीं त्यांचें देहावसान झालें. मायदेश पुन्हां त्यांनीं पाहिला नाहीं. १४ जानेवारी २०१५ रोजीं पोप फ्रान्सिस ह्यांनीं कोलंबो येथें त्यांस संतपद दिलें.

ह्यावरून काय शिकावयाचें ? सर्वांनींच समुद्र ओलांडावा, असें नाहीं. शिकावयाचें तें हें कीं, हांक दुसऱ्याच्या भुकेंतून आली, ती आज्ञापालनानें पारखली गेली, प्रार्थनेनें मुरली, आणि मिस्सांतून निघून रोग्याच्या अंथरुणापर्यंत पोंचली. ह्या चारांतील एकही पायरी गाळून चालत नाहीं.

आतां आईबापांशीं दोन शब्द. ते बोलण्यापूर्वीं आमची स्वतःची चूक कबूल केली पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं एक विद्यार्थी शाळा सुटल्यावर रोज दहा मिनिटें प्रार्थनामंदिरांत बसूं लागला. परीक्षा तोंडावर आली होती. आम्हीं त्यास बोलावून, देव कोठें पळून जात नाहीं, आधीं गणित उरक, असें सुनावलें. मुलगा गुणी, त्यानें जाणें सोडिलें. पुढें तो चांगल्या गुणांनीं उत्तीर्णही झाला. परंतु निरोप घेण्यास आला तेव्हां आम्हांस कळलें कीं, त्याची आई वर्षभर अंथरुणास खिळलेली होती, रात्रीं तिची उठबस तोच करीत असे, आणि त्या दहा मिनिटांत तिच्यावर चिडूं नये एवढेंच बळ तो मागत असे. त्यास खरी हांक आली होती व तो तिला उत्तरही देत होता. आम्हीं मात्र एलीप्रमाणें त्यास, जाऊन नीज, असें सांगितलें होतें. मुलानें तक्रार केली नाहीं. म्हणूनच तें आम्हांस अजून लागतें.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे. मुलगा वा मुलगी एखादे दिवशीं कांहीं निराळें बोलूं लागली, रोग्यांची सेवा करावीशी वाटते म्हणाली, खेड्यांत जाऊन शिकवावेंसें वाटतें म्हणाली, किंवा धर्मगुरु वा धर्मभगिनी व्हावें असें म्हणाली, तर पगाराचा आंकडा विचारण्यापूर्वीं क्षणभर थांबा. लगेच होकारही देऊं नका. पारख झालीच पाहिजे, आणि तिला वेळ लागतो. परंतु हंसून तो विषय उडवूं नका. त्याच्याबरोबर मिस्साला जा, घरीं त्याच्याजवळ बसून प्रार्थना करा, आणि मग बोला.

आणि मुलांनो, तुम्ही अजून लहान आहां अशी सबब सांगूं नका. पोप दहावे पायस ह्यांनीं १९१० सालीं असें ठरवून दिलें कीं, मुलाला समज आली, म्हणजे सुमारें सातव्या वर्षीं, त्यास ख्रिस्तप्रसाद द्यावा. ज्याला तो घेण्याची समज आहे, त्याला ऐकण्याचीही आहे. वाटेवर देऊळमाता लागली तर पांच मिनिटें आंत जाऊन नंदादीपासमोर बसा. मागण्या थोडक्यांत सांगा, आणि मग मनाशीं एवढेंच विचारा : आज माझ्या घरांत, वर्गांत, आळींत कोणाला माझी गरज आहे ? जें नांव मनांत येईल, त्या माणसाकडे त्याच दिवशीं जा. ज्यांचा धर्म निराळा आहे त्यांनींही हा प्रश्न आपल्या देवघरासमोर बसून विचारण्यास कांहीं हरकत नाहीं.

लहान हांकांना ओ देण्याची संवय ज्यास लागली, त्यास मोठी हांक आली असतां ती ओळखूं येते. शमुवेल त्या रात्रीं तीन वेळां अंथरुणांतून उठला, तो म्हाताऱ्या गुरूला आपली गरज आहे असें समजून उठला होता. असा उठणारा मुलगा होता, म्हणूनच चौथ्या वेळीं त्याला देवाला उत्तर देतां आलें. आमच्या शाळेंतील प्रत्येक मुलास व मुलीस तसें उठण्याची बुद्धि होवो, आणि आम्हां वडील माणसांस ती हांक वेळेवर ओळखण्याची कृपा लाभो, हीच प्रभुचरणीं प्रार्थना.