उंच माणसाची ड्रायव्हिंग सीट

अल्लीपूरहून हिंगणघाटला छोट्या कारने निघालेल्या सहा फुटी माणसाचे गुडघे स्टेअरिंगला घासतात. मग तो सीट मागे सरकवून पार रेलून बसतो. इथेच चुकतं: हात ताणतात, खांदे सीटपासून सुटतात, मान पुढे येते.

आधी क्लच पूर्ण दाबा. तेव्हाही गुडघा थोडा वाकलेला हवा. मग पाठ टेकवून हात लांब करा. मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. टेकत नसेल तर सीटची पाठ उभी करा. छातीपासून स्टेअरिंग किमान 25 सेंटिमीटर दूर असावं, एअरबॅगला फुगायला तेवढी जागा लागते. खरी अडचण अशी की बऱ्याच स्वस्त गाड्यांत स्टेअरिंग वर-खाली होतं, पुढे-मागे होत नाही. गाडी घेण्यापूर्वी हे सगळं शोरूममध्ये बसूनच तपासा.