सगळ्या पेटल्या, तर!

हौशी रॉकेटवाल्यांचा एक जुना आजार आहे: एका मोटरनं त्यांचं भागत नाही. पुठ्ठ्याच्या नळीत एक मोटर बसते, तर तीन का बसू नयेत? बसतात. पेटतात की नाही, हा पुढचा प्रश्न.

आधी बाराखडी. मोटरवर ‘सी ६-५’ असं काहीतरी छापलेलं असतं. अक्षर म्हणजे एकूण ताकद, पहिला आकडा म्हणजे सरासरी रेटा न्यूटनमध्ये आणि शेवटचा म्हणजे इंधन संपल्यावर किती सेकंदांनी पॅरॅशूट बाहेर फेकायचं ते. पुढच्या प्रत्येक अक्षराला मर्यादा दुप्पट होते. सी १० न्यूटन-सेकंदांपर्यंत, डी २०पर्यंत. म्हणजे दोन सी मिळून एक डी, चार सी मिळून एक ई.

मग सरळ ई का लावू नये? तीन ज्वाळा एकीपेक्षा झकास दिसतात म्हणून! सभ्य कारण हवंच असेल तर हे घ्या: जड रॉकेट दांडीवरून सुटताना दणकून रेटा लागतो आणि तीन मोटर्स एकदम पेटल्या की तो तिप्पट मिळतो.

उंची मात्र तिप्पट होत नाही. वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो, शिवाय तीन मोटर्सना नळीही जाड लागते. उंच जायचं तर मोटर्स एकावर एक ठेवाव्यात. खाली ‘सी ६-०’ लावतात. शून्य म्हणजे पॅरॅशूटची भानगडच नाही. दारू वरपर्यंत जळत गेली की उरलेला पापुद्रा फुटतो आणि तप्त ठिणग्या थेट वरच्या मोटरच्या तोंडात शिरतात. ना वायर, ना बॅटरी. तोवर दोघींना धरून ठेवतो सेलोफेन टेपचा एक वेढा! हा जुगाड बंदुकीच्या दारूच्या मोटर्सनाच चालतो. वरची मोटर कंपोझिट इंधनाची असेल, तर ती पेटवायला इलेक्ट्रॉनिक्स लागतं.

शेजारी-शेजारी बसवलेल्या मोटर्सचं खरं दुखणं वायरिंगमध्ये असतं. इग्नायटर एकामागोमाग एक जोडले, तर जो आधी जळतो तो सर्किटच तोडतो आणि बाकीच्या मोटर्स थंड राहतात. म्हणून समांतर जोडणी. तिला करंट भरपूर लागतो, तेव्हा जाणती मंडळी मैदानात गाडीची १२ व्होल्टची बॅटरीच घेऊन येतात. तरी हिशेब छळतोच. एक मोटर पेटण्याची शक्यता ९५ टक्के धरा. तिन्ही पेटण्याची साधारण ८६ टक्के होते, पाचही पेटण्याची जेमतेम ७७.

एखादी फुसकी निघाली, तर? बैलजोडीतला एक बैल बसला की गाडी वळते, तसं रॉकेट तिरकं पळतं. म्हणून मोटर्स मध्याला चिकटून बसवतात. काही जण त्या किंचित तिरप्या करतात, म्हणजे प्रत्येकीचा रेटा रॉकेटच्या गुरुत्वमध्यातून जातो. मोटरच्या नळ्यांमधल्या फटी बुजवायला विसरलात, तर पॅरॅशूट ढकलणारा वायू खालूनच निसटतो. मग उतरणं कसलं, आपटणंच. आणि काहीच पेटलं नाही, तर अमेरिकेतल्या हौशी संघटनेचा नियम सांगतो: ६० सेकंद जवळ फिरकायचं नाही.

गर्दीची डोकेदुखी मोठ्यांनाही चुकलेली नाही. सोव्हिएत ‘एन-१’ या चांद्ररॉकेटच्या पहिल्या टप्प्यात ३० इंजिनं होती. १९६९ ते १९७२ या काळात चार उड्डाणं झाली आणि चारही फसली.

याउलट स्टीव्ह ईव्ह्ज. ओहायोतल्या या हौशी माणसानं सॅटर्न-५ची एक-दशांश प्रतिकृती बांधली: ३६ फूट उंच, वजन साडेसातशे किलोंच्या घरात, पोटात नऊ मोटर्स. त्यातल्या आठ एन वर्गाच्या आणि एक पी. २५ एप्रिल २००९ रोजी मेरीलँडमधल्या शेतातून ते उडालं, ४,४४१ फुटांवर गेलं आणि पॅरॅशूटनं खाली आलं.